नऊ नंबरची हद्द

दानेश्वरी : चहा नको आजी, दोनदा झाला. फॉरेस्टच्या हद्दीचा आठ नंबरचा दगड सापडला, दहा नंबरचा सापडला. मधला नऊ तेवढा सांगा, मी निघते.

सिद्धम्मा : निगशील की. एवढ्या उन्हात कुटं निगतीस? आन् रांजणाजवळ पाय नगं ठिवू. तितं कप्पे बसलाय.

दानेश्वरी : कोण बसलंय?

सिद्धम्मा : कप्पे. आमच्या कन्नडात बेडकाला कप्पे म्हणत्यात. ह्यो खरबरीत अंगाचा हाय. तुमच्या पुस्तकात काय म्हणत्यात?

दानेश्वरी : भेक. अगं बाई, केवढा हा! दिसलाच नाही.

सिद्धम्मा : दिसतोय कशाला? दिवसभर गार जागा धरून बसतो, पुढाऱ्यागत. दिवेलागणीला बलबाखाली येतो आन् किडं गिळतो. आमची सूनबाई म्हणती, हाकला त्याला. मी म्हणलं, त्यो आदी आलाय बाई, तू मागनं आलीस.

दानेश्वरी : काय म्हणाल्या मग?

सिद्धम्मा : काय म्हणती? आता तीच त्याच्या अंगावर पाणी शिपडती. तू कुटली म्हणलीस?

दानेश्वरी : सांगोल्याची. तिसऱ्यांदा विचारलंत आजी. विषय बदलू नका.

सिद्धम्मा : सांगोल्यात फॉरेस्ट हाय व्हय?

दानेश्वरी : माळ आहे, लांडगे आहेत, शेळ्या आहेत, आणि त्यांची भांडणं सोडवायला फॉरेस्टवाले आहेत. हे बघा, उद्या सकाळी जेसीबी येणार. फॉरेस्टच्या कडेनं चर खणायचा आहे. नऊचा दगड सापडला नाही, तर आठपासून दहापर्यंत सरळ दोरी धरा, असं साहेबांनी सांगितलंय.

सिद्धम्मा : नकाशा हाय की तुझ्याकडं.

दानेश्वरी : आहे. इतक्यांदा घडी घातलीय की नेमकं नऊच्या जागी भोक पडलंय.

सिद्धम्मा : आन् सरळ दोरी धरली तर लिंब कुटल्या अंगाला जातो?

दानेश्वरी : कुठला लिंब?

सिद्धम्मा : कुठला म्हणं! तेवढ्या कडंला एकच तर हाय.

दानेश्वरी : सापमार गरुडाचं घरटं आहे तो? तो बाहेर जातो. लालसाबचाचांच्या रानात.

सिद्धम्मा : आन् त्येचं पोरगं, आरिफ, पाडणार.

दानेश्वरी : त्यानं अर्ज दिलाय. डाळिंबावर सावली पडते म्हणतो. झाड त्यांच्या हद्दीत निघालं तर मी किती दिवस अडवणार?

सिद्धम्मा : वर पिल्लू हाय की गं! एकच असतंय त्यांचं. वर्साला एक अंडं, एक पिल्लू. अजून पंख पुरतं फुटलं न्हाईत. तू बगितलंस का त्याला जेवताना?

दानेश्वरी : लांबून, दुर्बिणीतून.

सिद्धम्मा : मी हितनं बगते, पाटावर बसून. बाप साप आणतो, पर चोचीत धरून न्हाय. गिळूनच आणतो. नुसती शेपटी भाईर लोंबती. मग ते पिल्लू शेपटी धरतं आन् वडतं, वडतं, वडतं... शेवया वडल्यागत. एकदा शेपटी चोचीतनं सुटली तर ते मागच्या मागं पडलं. मी हितं हसायला लागले तर सूनबाई भाईर आली, म्हातारीला काय झालं म्हणून.

दानेश्वरी : आजी, तुम्ही आमच्या खात्यात पाहिजे होता.

सिद्धम्मा : मालक हुते की. तीस वर्सं वाचमन. मी बिनपगारी. थंडीत ती भोवत्या पाखरं येत्यात बग, गवतावरनं तरंगत. पाव्हण्यावानी येत्यात, पाव्हण्यावानी जात्यात. ह्यो मातर घरचा. उन्हाळा, पावसाळा, हलत न्हाय. वारा सुटला की आभाळात एका जागी हुबा ऱ्हातो, कुणी खुटीला अडकवल्यागत. पिवळं डोळं, घुबडागत ह्ये मोठं डोस्कं. लगीन होऊन आले तवा हितं वळखीचं कुणी न्हवतं. त्यो एकटाच.

दानेश्वरी : तोच पक्षी नसेल ना आता.

सिद्धम्मा : नसंल. त्याचं नातू-पणतू असतील. मी तर त्याच त्या नावानं हाक मारते.

दानेश्वरी : बरं, तिप्पण्णा आजोबांनी नऊचा दगड कुठं ते कधी सांगितलं होतं का?

सिद्धम्मा : त्येंनी न्हाय सांगितलं.

दानेश्वरी : मग कुणी?

सिद्धम्मा : ...लालसाबची फटफटी आली बग. आवाजावरनं वळखते मी. चालतीय कमी, खोकती जास्त.

लालसाब : काय वैनी, मॅडमला बसवून ठेवलंय का? माझ्या घरी पण सकाळी येऊन गेल्या. अम्मीला भेटायचं म्हणाल्या, मी म्हणलो, अम्मी गेली तिला चौदा वर्षं झाली. जुनं माणूस आता एकच उरलंय, सिद्धम्मा वैनी.

सिद्धम्मा : जुनं तुजं हाड. बस की.

लालसाब : बसत नाही. आरिफ मागं लागलाय. लिंब आपला का फॉरेस्टचा, एकदा काय ते सांगा म्हणतो. त्याचं डाळिंब म्हणजे काय विचारू नका. लेकराला जपत नाही इतकं जपतो.

सिद्धम्मा : लालसाब, तुजीच वाट बगत हुते. तुज्या माघारी सांगायचं न्हवतं मला.

लालसाब : काय?

सिद्धम्मा : दगड. लिंबाच्या बुडात हाय. तुज्या अंगाला. कुदळ घे, चल. पोरी, मला हात दे गं जरा.

(लिंबाखाली. लालसाब कुदळीने माती उकरतो आहे.)

दानेश्वरी : चाचा, हळू. वर पिल्लू घाबरेल.

लालसाब : ते काय घाबरतंय? मघापासून मान वाकडी करून माझ्याकडंच बघतंय. माझ्या टकलाचा काय विचार आहे की त्याचा.

सिद्धम्मा : हळू रे! दगडाखाली कप्पे असतोय.

लालसाब : वैनी, चैत संपला, दोन फूट माती वाळून खडक झालीय. हितं कुठला बेडूक... या अल्ला! ढेकूळ चालाय लागलं!

दानेश्वरी : थांबा, थांबा, मी उचलते. भेकच आहे. अंगावर सगळी माती घेऊन झोपला होता. ये बाळा... ई!

सिद्धम्मा : काय झालं?

दानेश्वरी : हातावर मुतला.

सिद्धम्मा : झोपमोड केलीस की त्याची. पावसाचा सांगावा आल्याबिगार त्यो उठत न्हाय. तुला बगून त्याला वाटलं, आला पाऊस. सावलीला ठिव त्याला, पदर वला करून झाक... तुला पदर कुटला. रुमाल झाक.

लालसाब : मॅडम, लागलं काय तरी. खण्‌ वाजलं.

दानेश्वरी : बघू. पुसा जरा. नऊ! आजी, नऊ आहे! बरोब्बर लिंबाच्या पलीकडं. म्हणजे झाड फॉरेस्टमध्ये आलं.

लालसाब : आलं तर आलं. आरिफला मी सांगतो. चला, सुटलो.

दानेश्वरी : पण एक कळत नाही. हे मोबाईलवर बघा. सात, आठ, दहा, अकरा, सगळे एका रेषेत. नऊ तेवढा अकरा-बारा हात बाहेर आलाय. जणू कुणी तरी मुद्दाम झाडाला वळसा घालून आत घेतलंय. असा दगड कोण बसवेल?

लालसाब : असू द्या की मॅडम. सरकारी दगड आहे, त्याला विचारतं कोण?

सिद्धम्मा : लालसाब, थांब. ह्यो लिंब तुजा हाय.

लालसाब : वैनी...

सिद्धम्मा : बोलू दे मला. बावन्न वर्सं गिळून बसलीय, शेपटी तेवढी भाईर लोंबतीय. आज वडून काढते. पोरी, तूबी आयक. तुला न्हाय लिव्हायचं तर लिव्हू नगंस.

दानेश्वरी : सांगा आजी. वही बंद केली.

सिद्धम्मा : मी अक्कलकोटच्या खालची. घरात कन्नड, गल्लीत कन्नड, देवळात कन्नड. हितं आले तर सासूबाई निस्त्या मराठी. जेवलीस का विचारलं की मी म्हणायची, हौद. म्हंजी व्हय. त्या म्हणायच्या, ही पोरगी सारखी हौद हौद काय करती, हिला तहान लागली काय? आन् तांब्या पुढ्यात. पाणी पिऊन पिऊन माजं पोट फुगलं. मग मी बोलायचंच सोडलं. सा म्हयनं खाली मान.

दानेश्वरी : आणि आजोबा?

सिद्धम्मा : त्येंना दोनी भाषा यायच्या, पर त्ये दिसभर माळावर. त्या वर्सी वड्याला पूर आला आन् नऊचा दगड गेला व्हाऊन. नवा बशिवायला सायेब आला जीपमधनं. मालक गेलते केमला, भनीकडं. सासूबाई बाजारात. दारात मी. सायेबानं इचारलं, बाई, हद्द कुटाय?

दानेश्वरी : तुम्हाला हद्द माहीत नव्हती.

सिद्धम्मा : अगं, माहीत हुती म्हणून तर घोळ झाला! कन्नडात हद्दू म्हंजी घार, गरुड. माजा ह्यो! मला वाटलं, जंगलचा सायेब हाय, हद्दूच इचारणार की. सा म्हयन्यांत पयल्यांदा कुणीतरी मला कळंल असं बोललं. मी पळतच भाईर गेले, हात केला लिंबाकडं, म्हणलं, अल्ली! अल्ली! तितं, तितं! वर त्यो बसलेलाच हुता.

दानेश्वरी : आणि साहेबांनी...

सिद्धम्मा : सायेब म्हणला, बाई हुशार दिसती. दिला दगड बशिवून. सांच्याला मालक आले, त्येंनी कपाळ धरलं. म्हणाले, आता बोलशील तर माजी नोकरी जाईल. तवापास्नं गप. लालसाब, तुज्या बापाची बारा हात जमीन गेली माज्या एका शब्दापायी. त्यो रोज ह्या वाटंनं जायचा. मी जिती-जागती बाई, पर त्यो दिसला की मान खाली. मरंस्तोवर त्याच्या तोंडाकडं बगितलं न्हाय मी.

लालसाब : ते मात्र बरोबर. अब्बा घरी सांगायचे, तिप्पण्णाची बायको लई मर्यादेची, कधी मान वर करत नाही.

सिद्धम्मा : हसू नगंस रे.

लालसाब : हसू नको तर काय करू? वैनी, त्या दिवशी अब्बा तिथंच उभे होते.

सिद्धम्मा : कुटं?

लालसाब : जीपच्या मागं. त्यांनाच तर बोलावलं होतं साहेबानं, शेजारचा खातेदार म्हणून. आणि अब्बांना कन्नड यायचं. अक्कलकोटच्या बाजारात बैल घेण्यात जन्म गेला त्यांचा. हद्द काय, हद्दू काय, त्यांना तिथल्या तिथं कळलं.

सिद्धम्मा : आन् त्यो बोलला न्हाय?

लालसाब : अम्मी पण तेच विचारायची. तोंडाला कुलूप लागलं होतं काय तुमच्या? तर अब्बा म्हणायचे, नूरबी, सहा महिने त्या नव्या सुनेचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी पयल्यांदा बोलली. हसत, हात वर करून. चार माणसांत तिला खोटं कसं पाडायचं? आणि वरून म्हणायचे, तसं बघितलं तर तिनं खोटं सांगितलंच कुठं? हद्दू तिथंच होता.

(सिद्धम्मा पदराने डोळे पुसते.)

लालसाब : वैनी, रडताय काय?

सिद्धम्मा : माती गेली डोळ्यांत. तू कुदळ मारतोस का पेरणी करतोस? एवढं कळत हुतं तर आजपातूर मला का सांगितलं न्हाईस?

लालसाब : अब्बांची शपथ होती. म्हणायचे, ती आपणहून सांगेल तेव्हा सांग, आदी नाही. मला वाटलं, तुम्ही काय सांगत नाही आता. आज सकाळी तर वाटलं, हे न सांगताच एक तर तुम्ही जाल, नाहीतर मी.

सिद्धम्मा : तू जा आदी. मला ह्ये पिल्लू उडालेलं बगायचंय.

दानेश्वरी : चाचा, पण मी आता काय करू? मला कळलंय, दगड चुकीच्या जागी आहे.

लालसाब : जमीन कुणाची? सातबारा माझ्या नावचा. दगड आहे तिथं राहू दे, माझी हरकत नाही. शेजारच्या खातेदाराची सही लागते ना? आणा हितं. वरिष्ठांना सांगायचं तर सांगा, मी येतो बरोबर.

दानेश्वरी : आणि आरिफ?

लालसाब : त्याला म्हणीन, डाळिंबाला थोडी सावली सोसत नसेल तर त्या सावलीला तुझा बाप बसतो. आणि परवा त्याच्या ठिबकच्या नळीखाली घोणस निघाली, तेव्हा कुदळ टाकून पळाला की पोरगं! ती घोणस पुढं कुठं गेली, विचार म्हणावं त्या वरच्या पिल्लाला.

सिद्धम्मा : गप. गप दोघंबी. आला बग.

दानेश्वरी : कुठं?

सिद्धम्मा : त्या लाइटच्या खांबाच्या वर. हुबा हाय बग हवेत. आपल्याला बगून उतरंना. चला, मागं सरा. आन् त्या कप्पेला ठिवा जाग्यावर आदी, वरनं माती लोटा. भुसभुशीत लोटा रे, दाबू नगंस, त्यो काय खांब हाय?

लालसाब : घ्या महाराज, झोपा. मॅडमच्या हातानं आंघोळ नाही, मॅडमलाच घातलीत.

दानेश्वरी : चाचा! बरं, फॉर्म भरते मी. सीमाचिन्ह जागेवर आहे काय... तुमची सही इथं. जवळची खूण : लिंबाचं झाड, त्यावर सापमार गरुडाचं घरटं, पिल्लू एक. दगडाखाली भेक लिहू का?

सिद्धम्मा : लिही की. त्यो काय परका हाय?

दानेश्वरी : लिहिलं. आता एकच रकाना राहिला. हद्द कुणी दाखवली?

सिद्धम्मा : माजं नाव नगं गं बाई. ह्या वयात कागदावर नगं.

लालसाब : नाव कशाला पाहिजे? लिहा मॅडम, नव्या सुनेनं.