शमीमचाचींनी छाटलेला मोगरा

आमच्या हिंगोलीच्या घराशेजारच्या शमीमचाचींना मी मानतो बुवा! डोळ्यांनी दिसत नाही, पण झाडाला नुसता हात लावून त्याचं दुखणं सांगतात. बायकोनं माहेराहून, जवळा बाजार या गावाहून, आणलेला मोगरा तीन वर्षं नुसता पानांवरच होता. थंडी सरता सरता चाचींनी त्याच्या फांद्या चाचपल्या अन् कात्री मागितली. बघता बघता गुडघाभर खुंट उरले.

बायको रडायलाच लागली. "चाची, मेलं की हो झाड!"

"न्हाई मरत बेटी. सबर कर."

बायकोनं रागानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, परसात जाणंही टाकलं. दीड-दोन महिन्यांनी कपडे वाळत घालायला गेली, तर मोगरा पांढराशुभ्र! ओंजळभर फुलं घेऊन ती तशीच धावली. "चाची, मोगरा फुलला!"

चाची हसल्या. "तुला आज कळलं व्हय? मला परवापासून वास येऊन राहिला."