काकांचं पूजेचं पेन

चूक शंभर टक्के आमच्या बाळकुम गावच्या काकांची. बिल्डरला जमीन विकली तेव्हा त्या पैशातून त्यांनी हाताने घडवलेलं महागडं शाईचं पेन घेतलेलं, टोपणावर एका थोर लेखकाची सही कोरलेली. त्या लेखकाचं एक पान काकांनी वाचलेलं नाही. पण दसऱ्याला गाडीसोबत पेनाचीही पूजा केली आणि निबला हळदकुंकू फासलं.

मी म्हटलं, "काका, निब चोंदेल."

"कॉलेज सोडलंस ना रे? मग मला पेन शिकवू नकोस."

दुसऱ्याच दिवशी त्याच बिल्डरच्या कोलशेतच्या ऑफिसात काका मला नोकरीला चिकटवायला घेऊन गेले. शेठ माझ्या नेमणुकीच्या पत्रावर सही करणार, तेवढ्यात काका म्हणाले, "शेठ, आज आमच्या पेनाने होऊ द्या."

शेठने गिरगटून पाहिलं. काही उमटेना.

"आणा इकडे, झटकलं की चालतं!"

काकांनी असं झटकलं की शेठचा पांढरा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत निळा. शेठ काकांना काहीच बोलले नाहीत, कारण काकांची अजून एक जमीन शिल्लक होती. पत्र मात्र टराटरा फाडलं.

रिक्षात काका मलाच म्हणाले, "तुझ्या नशिबातच नाही रे."

पेन धुतल्यावर मस्त चालायला लागलं. माझी नोकरी गेली.