पाटाचा कागद

बनुबाई : धा मेंढरं मेली गारांत, म्याडम. पंचनाम्यात बी धाच हायती. मग खात्यात निम्मंच पैसं कसं?

उत्कर्षा : बाकीचे वसुलीत कापले, मावशी. विधवा म्हणून निराधारची पेन्शन घेत होता ना तुम्ही?

बनुबाई : व्हय. पयला दादला गेला तवापास्नं.

उत्कर्षा : आणि तीन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलंत.

बनुबाई : लगीन न्हवं. पाट लावला, मेटकऱ्यांच्यात. चार माणसांनी गूळ खाल्ला, झालं.

उत्कर्षा : सरकारला दोन्ही सारखंच. दुसरा नवरा केला की विधवेची पेन्शन बंद होते. तुम्ही कळवलं नाहीत, चौदा महिने पैसे येत राहिले. एकवीस हजार. ते या मदतीतून वळते केले.

बनुबाई : आगं आई! मला कुठं ठावं? पर तुमास्नी कळलं कसं? फोटू न्हाई, पत्रिका न्हाई.

उत्कर्षा : दोनएक वर्षांपूर्वी तक्रार आली होती. आदेशात नाव आहे बघा. भाऊसो नाथाजी मेटकरी.

बनुबाई : भाऊसो? आमच्या मालकाचा ल्योक?

उत्कर्षा : मावशी, हसताय काय? एकवीस हजार गेले तुमचे!

बनुबाई : काय लिवलंय त्येनं? वाचा की.

उत्कर्षा : 'बनुबाई ही माझे वडील नाथाजी यांची पाटाची बायको असून आमच्या घरी नांदते. तिची पेन्शन बंद करावी.' खाली त्याची सही. साक्षीला तात्याबा आणि जोतिबा.

बनुबाई : त्येंच्या बी सह्या?

उत्कर्षा : तिघांच्या. पण झालंय काय, ते सांगाल का?

बनुबाई : मालक जाऊन दोन म्हैनं झालं. तेराव्याला ह्योच भाऊसो चारचौघांत म्हनला, ही आमची कुनी न्हवं, बा नं मेंढरामागं ठिवलेली बाई हाय. घरातनं ऊठ म्हनतोय. पाटाचा गूळ खाल्लेल्या तात्याबाला इचारलं, तर म्हनला, पाट? मला काय आठवत न्हाई. जोतिबा तर उठूनच गेला. लय लाज वाटली मला.

उत्कर्षा : तेव्हा पेन्शन तोडायला बायको होतात, आता घर द्यायला नाही!

बनुबाई : तसंच की.

उत्कर्षा : मावशी, एक सांगते. अपील करता येतं. पाटाला कागद नाही, असं म्हणालात तर कदाचित पैसे परत मिळतील.

बनुबाई : म्हंजी मीच म्हनायचं, पाट लागला न्हाई?

उत्कर्षा : हो. तसंच होईल ते.

बनुबाई : मग न्हाई करायचं अपील. ऱ्हाऊ दे ते पैसं सरकारला. मला त्या तक्रारीची नक्कल द्या, शिक्का मारून. आदेशाची बी.

उत्कर्षा : देते. पण एवढ्यावर घर मिळेलच असं नाही हं. वकील गाठावा लागेल.

बनुबाई : गाठीन. आटपाडीच्या बाजारात दोन मेंढरं इकीन. त्या आदेशात माजं नाव कसं घातलंय?

उत्कर्षा : इथं, वरतीच. बनुबाई नाथाजी मेटकरी.

बनुबाई : मालक रेशनकार्डात घालतो, घालतो म्हनतच गेला गं.