अजिनाथच्या वाटणीच्या गोळ्या

—तुमच्यासारखं व्हईल का मला, म्हणली. आत्ता, रिक्षात. बघ की माय, सासूला असं इचारतेत का कुणी? स्टँडवरून निघालो तसं नुसतं पदराचं टोक चावत बसली, अन् दवाखान्याची पाटी दिसली तशी माझ्याकडं वळून म्हणती, आई, पिशवी काढल्यावर मला तुमच्यासारखं व्हईल का? अगं, तुमच्यासारखं म्हंजी कसं? मला काय झालंय? चांगली धडधाकट बसलीय की तुझ्याम्होरं! — बस तू, बस बाई, हे गठुडं घेते मी मांडीवर. युसूफ वडगावची म्हणलीस न्हवं? आमी नेकनूरकडच्या. ती हिरव्या साडीची आत गेली ना, तीच शिवकन्या, सून माझी. डॉक्टर तिच्या पोटाचा फोटू काढायलाय. मला म्हणला, बाई, तुमी भायेर थांबा, म्हणून थांबले. अजिनाथ, माझं पोरगं, खाली चहाला गेलंय. त्याला दवाखान्याचा वास सहन व्हत न्हाई.

अन् हे बघ, तुला म्हणून सांगते — कुणी इचारलंच तर आमची सून पस्तीसची हाय. हसू नको. चोवीसची हाय, मला काय म्हाईत न्हाई? पण आता लई कडक केलंय म्हणं सरकारनं, तरण्या बाईची पिशवी काढायची तर वरून परवानगी लागती, तव्हा डॉक्टरच म्हणला, वय मी लिहितो, तुमी फक्त तेवढंच सांगा. सांगू की. त्यात काय पाप हाय? दोन लेकरं झालीत, आरोही अन् धाकटा, दोन्ही गुटगुटीत — आता त्या पिशवीला काय पुजायचंय का? दसरा झाला की मुकादमाची गाडी येती ऊसतोडीला न्यायला, त्याच्या आत टाके सुकाय पाहिजेत. आमच्या आळीत येऊन बघ, पिशवी असलेली बाई हुडकावी लागंल तुला. माझी काढली तव्हा अजिनाथ तिसरीत होता. सव्वीसची का सत्तावीसची असंल मी. काय झालं मला? काई न्हाई. पाळीची कटकट गेली, फडावर खाडा न्हाई, मोळी डोक्यावर घेतली की शिडीनं सरळ ट्रकावर.

तिचं म्हणशील तर — जरा इकडं सरक, तो मामा कान लावून बसलाय — तिचं अंगावरून जातं. पांढरं न्हाई, पिवळट, हिरवट. अन् वास. खाज तर अशी की बिचारी ऊस तोडता तोडता मधीच कोयता टाकून पाचटाआड जाऊन बसायची. लघवीला आग, ओटीपोटात कळा. मी म्हणलं, बाईच्या जातीला हे असतंच, कुणाला नसतं? तुला न्हाई व्हत? …बघ. बोललीस का कधी नवऱ्याला? न्हाईच की. अन् पाचटाच्या कोपीवर, त्या झोपडीत, कुठं न्हाणीघर असतंय माय? टँकरचं पाणी प्यायला पुरंना, तिथं बाई खालचं कशानं धुणार? पाळीची फडकी धुवायची अन् कोपीच्या आत, साडीच्या खाली वाळत घालायची, गड्याच्या नजरंला पडाय नको म्हणून. ऊन कुठलं लागतंय त्याला? ओलंच घ्यायचं परत. माझ्या सासूनं मला तसंच शिकवलं, मी तिला शिकवलं.

पण खरं सांगू का, लग्न होऊन आली तव्हा तिला असलं काई नव्हतं. मागल्या हंगामात अजिनाथ ट्रॅक्टरवर गेला ना, ड्रायवर म्हणून — आठ-आठ दिवस कोपीवर यायचा न्हाई. कारखान्यावर नंबर लागंपर्यंत गाड्या उभ्या राहतेत, गडी तिथं काय करतेत, कुठं जातेत, आपुन काय मागं फिरावं का? आला की तिच्याजवळ जायचा. जाणारच, बायको हाय त्याची. अन् तव्हापसून सुरू झालं तिचं. म्हणायची, आई, लई आग व्हती, सुरी फिरवल्यावानी व्हतंय, तुमी त्यान्ला सांगा. आता मी आई होऊन पोराला हे कसं सांगू? तूच सांग! मी तिलाच म्हणलं, दात आवळून गप पड, घडीभराचं असतंय, नको म्हणलीस तर गडी भायेर तोंड मारतो. …त्याला? त्याला काय झालंय! जरा उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळ व्हती म्हणतो, जांगंत खाजवीत बसतो, पण ती उष्णता हाय, ट्रॅक्टरच्या सीटची. मर्दाला काय व्हतंय?

अन् हितं यायच्या आधी भेटली ती सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण! पोरगीच हाय, आमच्या शिवकन्यापेक्षा थोडी थोर असंल. तपासलं तिनं, आतून बघितलं नीट, म्हणली पिशवी चांगलीय, हे जंतूचं हाय, एकमेकाकडून लागतंय, गोळ्यांनी जातंय. अन् दोन पट्ट्या दिल्या गोळ्यांच्या — एक हिची, एक नवऱ्याची. नवऱ्याची! भरल्या वऱ्हांड्यात, चार बायांम्होरं म्हणली, दोघांनी बरोबर घ्यायच्या अन् तोवर जवळ झोपायचं न्हाई. माझं तोंड एवढंसं झालं. माझ्या पोराला काय रोग हाय का? गावात कळलं असतं तर? मी घरी आले अन् दोन्ही पट्ट्या शिवकन्यालाच खायला लावल्या — म्हणलं औषध दुप्पट गेलं तर गुण बी लवकर येईल. पोरगी ओकून ओकून आडवी झाली. पण आला गं गुण, खरंच आला, खाज गेली, वास गेला, आखाडभर हसत-खेळत होती. अन् परत पयल्यासारखं. परत गेलो तिथं, तर ती बाई माझ्यावरच आवाज चढवाय लागली, नवऱ्यानं घेतल्या का, नवऱ्यानं घेतल्या का! परत एक पट्टी हिला, एक त्याला. हिची हिनं खाल्ली, फरक काईच न्हाई. त्याची ही बघ. चंचीतच हाय माझ्या, सुपारीसंगं. अजिनाथला दाखवली बी न्हाई मी, सगळ्या गोळ्या जागच्या जागी हायेत. आता ह्या डॉक्टरनं कसं, एका दमात सांगितलं — दोष पिशवीत हाय, पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर व्हईल. पोराचं नाव बी घेतलं न्हाई. मानूस चांगला हाय.

अन् कॅन्सर म्हणल्यावर मी लगीच काढा म्हणले. माझी धाकटी बहीण, कौशल्या, त्यानंच गेली. मांस धुतल्यावानी पाणी जायचं तिच्या अंगावरून, वासानं घरचे तिला गोठ्यात निजवायचे, अन् तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई की हे किती दिवसापसून हाय. बीडला आणली तव्हा डॉक्टरांनी हात जोडले. म्हणून म्हणते, शिवकन्याचं तसं नको. तुला वाटत असंल, सासू मेली निर्दयी हाय. न्हाई गं. लेकीपेक्षा जास्त जीव लावलाय मी तिला. न सांगता पाय चेपती माझे रोज. तिला काय झालं तर त्या लेकरांनी कुणाकडं बघायचं? मी कुणाकडं बघायचं?

पाय? हां, दुखतेत. तसं सगळंच दुखतंय, बसलं की उठवत न्हाई, उठलं की बसवत न्हाई. ऑपरेशन झालं त्याच्या म्होरच्या सालापसूनच. अन् अंगातून वाफा निघतेत — थंडीचं सगळे शेकोटीला अन् मी कोपीच्या भायेर उघड्यावर बसलेली, पदरानं वारा घेत. बाया हसायच्या. पण तसं मला काय झालं असं न्हाई, वय झालं म्हणायचं. …तिशीच्या आत? काय की बाई. झालं असंल तिशीच्या आतच. अन् ते — तू काय माझ्या गावची न्हाईस, तुला सांगाय हरकत न्हाई — मालक जवळ आले की कोरडं. नुसतं कोरडं लाकूड. रगत यायचं. दात आवळून काढले मी दिवस, मग एकदा न्हाईच सहन झालं, ढकलून दिलं त्यान्ला. मारलं त्यांनी मला. मग ते अंगणात झोपाय लागले. अन् मग एका दसऱ्याला त्यांनी गेवराईकडच्या एका बाईसंगं कोयता लावला — एकट्या गड्याला कोण घेतंय टोळीत, जोडीच लागती, अन् मला तर मोळी उचलंना झाली होती. हंगाम संपला, सगळ्या गाड्या गावात आल्या, ते काई उतरले न्हाईत. तिकडंच हायेत आता. तिला पोरगा झाला म्हणं. …पण ते काय पिशवीमुळं न्हाई हां. त्यांचं मन पयल्यापसूनच उडतं होतं. असंच असंल. कुणी सांगावं?

त्या सरकारी डॉक्टरीणीनं माझं बी पोट दाबून बघितलं होतं, दुसऱ्या खेपंला. माझ्या ऑपरेशनचा जुना कागद बघितला अन् म्हणली, आजी — आजी म्हणली मला, पंचेचाळीसची बी न्हाई मी अजून! — आजी, तुमची नुसती पिशवी न्हाई, बीजकोश बी काढलेत, सगळंच काढलंय, म्हणून हाडं दुखतेत, म्हणून वाफा, म्हणून कोरडं पडतं. मी म्हणलं, बाई, कोरड्याचं तर मी तुमाला सांगितलंच नव्हतं. तर म्हणली, सांगत कुणीच न्हाई, असतं सगळ्यांचं. शिवकन्या शेजारीच उभी होती. सगळं ऐकलं तिनं. घरी जाईपर्यंत माझा हात धरून चालत होती, अन् मी तिला म्हणलं, त्या पोरीला काय कळतंय, कालची शिकून आलेली.

काय म्हणलीस? …परत म्हण. मग सुनंचं कावून काढायलाव, म्हणतीस? तू कोण गं मला इचारणारी? घडीभर शेजारी बसलीस तर लगीच वकील झालीस? त्याला गोळ्या द्या म्हणती! तू जा अन् म्हण बरं तुझ्या नवऱ्याला, तुमच्यापायी मला लागलंय हे, तुमी बी घ्या गोळी — दात घशात घालंल तो तुझे. आली मोठी शहाणी! माझं ऐकून घेतलंस म्हणजे मला शिकवायचा परवाना मिळाला का तुला?

…न्हाई, रडत न्हाई मी. वाफ आली अंगात. पंखा कुठं हाय हितं?

…तसं एक पट्टी खायला काय जातंय म्हणा. आता येईलच तो चहा पिऊन. पित्ताच्या हायेत म्हणलं तर खाईल गं, पित्ताचा त्रास हायच त्याला. माझ्या हातचं घेतो तो, न्हाई म्हणत न्हाई. पण जवळ जाऊ नको हे कोण सांगणार त्याला? ते पित्ताचं म्हणून कसं सांगायचं? …शिवकन्याला माहेरी धाडली तर? सर्वपित्री हाय, लेकरांना घेऊन जाईल, कुणाला काई वाटणार बी न्हाई. तोवर ह्या खाऊन होतेत त्याच्या, हिला बी परत आणता येतेत तिकडून, ती डॉक्टरीण ओरडंल पण देईल. अन् मग — अगं, मग तर काई कापायलाच नको. हे माझ्या टकुऱ्यात आधी कावून न्हाई आलं? उठते मी. आत जाऊन सांगते, आज नको म्हणून, इचार करून येतो म्हणून. धर माझं गठुडं —

आला. जिन्यात हाय बघ. धर, ही पट्टी धर आधी, मूठ झाक, झाक म्हणते ना! …काई न्हाई रे बाबा. ह्या युसूफ वडगावच्या हायेत, पानसुपारीचं बोलत होतो. पिलास का चहा? …न्हाई, मला नको. …काय? मी काय म्हणत होते? काई न्हाई म्हणत होते. डोळ्यात कचरा गेलाय. …हां, बोलवायल्यात तुला. जा, सही मागतेत ते, नवऱ्याचीच लागती. जा की, उभा कावून राहिलास? मी येते मागून.

बघ, दार उघडून उभी हाय शिवकन्या. कशी बघायलीय माझ्याकडं. …काई व्हत न्हाई गं! मी हाय ना! चल, आत हो, डॉक्टर खोळंबलेत. मला काय झालं? काई झालं का?

जाते बाई. तुझा बी नंबर येईल आता. ती पट्टी? …जाताना टाक त्या डब्यात. अशी उघडी नको टाकू. कागदात गुंडाळ अन् खाली दाबून टाक, गड्याच्या नजरंला पडाय नको.