पाठमोरी पॅन्सी

...आणि वर मलाच विचारतात! ‘एवढी सुंदर फुलं लावलीत खिडकीत, मग चेहरा असा का हो उतरलेला?’ असा का म्हणजे? अहो, तुम्ही रस्त्यावरून बघता म्हणून सुंदर दिसतात. जरा वर या, घरात या, माझ्या सासऱ्यांच्या पलंगावर आडवे व्हा आणि मग बघा! काय दिसतं? पाठ! फुलांची पाठ, देठ, टोपलीचं बूड आणि त्या बुडातून टपटपणारं पाणी! थंडीभर राबले मी, कुणासाठी? रस्त्यासाठी?

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई फुलांवर चिडते म्हणजे हिचंच काहीतरी बिनसलंय.

आमचे सासरे पेंटर. भिंती रंगवणारे नाही हं, तसं म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नाही. पाट्या! दुकानांच्या पाट्या! उभा जन्म शिडीवर गेला माणसाचा. तीन-तीन मजले उंच शिडीवर एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने अक्षर काढायचे, कधी पाय घसरला नाही. आणि पडले कुठून? बाथरूममधल्या स्टुलावरून! वीतभर उंचीचं स्टूल! खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं, आणि डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन चष्मा पुसत म्हणाले, ‘हे बघा, हाड जुळलंय. आता चालले तर चालतील. पडून राहिले तर पाय जातील कायमचे. मग माझ्याकडे येऊ नका.’

आणि बाबा पडून राहिले.

वॉकर आणला, तो पलंगाशेजारी उभा. मी त्यावर टॉवेल वाळत घालायला लागले, म्हणजे बघा. आमचे हे ऑफिसातून आले की रोज विनवायचे, ‘बाबा, दारापर्यंत तरी चला हो.’ बाबा छताकडे बघत म्हणायचे, ‘दारात काय आहे?’ नणंदेचा फोन, ‘वहिनी, तुम्ही त्यांना प्रेमाने सांगा ना!’ हो का? मी काय लाटणं घेऊन सांगत होते? प्रेमाने सांगितलं. रडून सांगितलं. ओरडूनही सांगितलं. उत्तर एकच, ‘चालून कुठे जायचंय?’ ज्या माणसाने अख्ख्या बाजाराला रंग दिला तो माणूस दिवसभर पांढरं छत बघत पडलेला... खरं सांगते, मला ते बघवत नव्हतं. जीव तुटायचा.

मग एके दुपारी ते झोपले असताना मीच खाली सतरंजी टाकून त्यांच्याशेजारी आडवी झाले. म्हटलं, बघू तरी या माणसाला इथून दिसतं काय. तर खिडकीचा फक्त वरचा अर्धा भाग! त्यात एक वायर आणि थोडंसं आभाळ. कुंडी ठेवून उपयोग नाही, कुंडीतलं झाड खालून वर येतं, ते यांच्या नजरेला येईपर्यंत माझी साठी यायची. वरून खाली येणारं काहीतरी हवं! फुलं दिसली की माणूस उशीला टेकून बसेल, बसला की पाय खाली सोडेल, पाय सोडले की... मी तिथेच सतरंजीवर पडल्या पडल्या ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं!

गेले नर्सरीत. नर्सरीवाला झारीने पाणी घालत होता, मान वर न करता म्हणाला, ‘थंडीसाठी? पॅन्सी घ्या ताई. ही लोंबणारी. आधी पसरते, मग कडेवरून खाली उतरते.’ म्हटलं, हेच हवं! तो म्हणाला, ‘लांबून बघणार का जवळून?’ मी म्हटलं, लांबून. पलंग ते खिडकी, लांबच नाही का? ‘मग गडद एकटा घेऊ नका, लांबून काळा दिसतो. मध्ये निळा घ्या, भोवती पिवळा, कडेला पांढरा.’ केवढं समजावलं त्याने! माती हलकी ठेवा, पाणी साचू देऊ नका, शेंडे खुडा म्हणजे फांद्या फुटतील, वाळलेलं फूल देठासकट काढा नाहीतर बी धरून फुलायची थांबेल. सगळं सांगितलं! एक सोडून सगळं!

मी तारेच्या टोपल्या आणल्या, काथ्याचं अस्तर घातलं, कडेकडेने रोपं लावली. आमच्या ह्यांनी खिडकीबाहेर लोखंडी आकडे ठोकले. ठोकताना तोंड चालूच, ‘अगं, वडिलांना फिजिओथेरपी सांगितलीय आणि तू बागकाम काय करतेस?’ म्हटलं, तुम्ही ठोका. मी ठरवलंय म्हणजे ठरवलंय.

आणि शेंडे खुडायचे म्हणजे काय असतं माहितीये? पहिली कळी आली की जीव हरखतो आणि ती आपल्याच हाताने तोडायची! तीनदा हात मागे घेतला. मग डोळे मिटून तोडली. बरं, टोपल्या वाऱ्यावर वाळतात, सारखं पाणी घाला. पाणी घातलं की खाली टपटप. खाली कोण? इस्त्रीवाला! त्याचं टेबल नेमकं आमच्या खिडकीखाली. पहिल्या दिवशी वर बघून ओरडला, ‘वहिनी! शर्ट कडक केला होता मी!’ मग त्याने टेबलच असं सरकवलं की पाणी बरोबर इस्त्री न केलेल्या कपड्यांवर पडावं. म्हणतो, ‘शिंपडायचं काम वाचलं, चालू द्या.’

मग एका कडाक्याच्या सकाळी बघते तर काय... सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या! आडवी सगळी! तशीच शाल गुंडाळून नर्सरीत धावले. तो चहा पीत होता. ‘थंडीत झोपते ती ताई, ऊन आलं की उठेल.’ मी म्हटलं, अहो, घरात एक झोपलेत तेवढे पुरे आहेत मला! पण घरी येऊन बघते तर खरंच, उठलेली! टवटवीत! मी तिथेच बाबांना म्हटलं, बघा, ही उठली. बाबा म्हणाले, ‘तिचं हाड मोडलं नव्हतं.’

घ्या!

पण फुलली हो. अशी फुलली, अशी फुलली की टोपली दिसेना. कडेवरून फांद्या खाली उतरल्या, बरोबर बाबांच्या नजरेत. मी ऐटीत पडदा सरकवला आणि म्हटलं, बाबा, बघा! बाबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘ही उलटी का लावलीस?’

उलटी! मी खिडकीतून वाकून बघितलं. सगळी फुलं, एकूण एक, तोंडं रस्त्याकडे करून उभी! उजेड तिकडे ना! पॅन्सी उजेडाकडे तोंड करते म्हणे! पुन्हा धावले नर्सरीत. तर तो काय म्हणाला? ‘मला वाटलं रस्त्यासाठी लावताय. सगळे रस्त्यासाठीच लावतात.’

पण मी हार मानणारी नाही! टोपल्या फिरवल्या. दोन-तीन दिवस फुलांनी आमच्याकडे बघितलं, पण उजेड त्यांच्या मागून, रंगच कळेना, मग नव्या फुलांनी पुन्हा पाठ फिरवली. पुन्हा फिरवल्या. त्यांनी पुन्हा फिरवली. मी फिरवतेय, त्या फिरवतायत! फोटो काढून समोर धरला, तर न बघताच बाबा म्हणाले, ‘फोनमध्येच बघायची तर टोपल्या कशाला टांगल्यास?’ मग मी कपाटाचा आरसा काढून बाहेरच्या लोखंडी आकड्याला बांधला, की फुलांची तोंडं आरशात दिसतील. सकाळी ऊन आलं आणि थेट बाबांच्या डोळ्यात! ‘पाय गेले ते गेले, आता आंधळाही करणार का मला?’ आमचे हे म्हणाले, ‘सोड ना आता.’ सोड? ठरवलं म्हणजे ठरवलं!

आणि इकडे रस्त्यावर काय कौतुक! बाबांना दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. एक बाई म्हणायची, ‘अगं बाई, चेहरे आहेत गं एकेकाला!’ तिची मैत्रीण म्हणायची, ‘मधली निळी आहे.’ ‘छे, जांभळी!’ ‘निळी!’ बाबांची मान उशीवर अशी इकडून तिकडे. एकदा हळूच मला म्हणाले, ‘निळी का जांभळी गं?’ मी म्हटलं, मला काय विचारता, घरातून मलाही पाठच दिसते.

आणि मग तो दिवस. खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘फुलं झकास आहेत, पण पिवळा जरा जास्त झालाय डावीकडे. रंगाचा तोल गेलाय.’

पलंग करकरला.

‘कोण बोललं?’ बाबा उठून बसलेले! ‘इस्त्रीवाला? तो रंगाचा तोल सांगणार? माझ्या घराच्या खिडकीतला? तो टॉवेल काढ वॉकरवरचा!’

तुम्हाला सांगते, टॉवेल मी एका झटक्यात ओढला. सुट्टी म्हणून हे घरीच होते, यांना हाक मारली. हे पुढे, बाबा मध्ये, मी मागे खुर्ची घेऊन. पहिला मजलाच आमचा, पण त्या जिन्यावर मी सगळ्या देवांना कामाला लावलं. प्रत्येक पायरीवर बाबा दात आवळून म्हणत होते, ‘पिवळा जास्त म्हणे!’ दारात पोचल्यावर म्हणाले, ‘सूनबाई, तू वर जा. कुणीतरी वर हवं, काही हलवायचं झालं तर.’ मी धावत वर. खिडकीतून बघते तर माझा सासरा भर रस्त्यात दोन पायांवर उभा! घामाघूम, पण उभा! मला हुंदकाच फुटला. इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊन बघतोय, गिऱ्हाइकं बघतायत, आणि बाबा एक डोळा बारीक करून वर बघतायत. मी डोळे पुसत वाट बघतेय, आता म्हणतील, शाब्बास.

बाबा म्हणाले, ‘निळीच आहे. पिवळाही बरोबर आहे. मागचा पडदा चुकलाय. काढ तो हिरवा!’

दुसऱ्या दिवशी मी तपकिरी पडदा लावला. बाबा उतरले. ‘नको.’ तिसऱ्या दिवशी फुलाफुलांची चादर धरली. उतरले. ‘फुलांमागे फुलं? डोकं आहे का?’ आता रोज उतरतात. आमच्या ह्यांचा आधारही लागत नाही आता, परवा तर कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, लांबून बघायला म्हणून. इस्त्रीवाल्याशी वाद घालून भूक लागते, दोन घास जास्त जातात.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? कुठला पडदा शोभेल हे मला केव्हाच कळलंय. साधा पांढरा. कपाटात आहे, तळाशी, घडी करून. पण मी तो बाहेर काढणार नाही! तो लावला आणि ते ‘बरोबर’ म्हणाले की संपलं, उद्या उतरतील कशाला? शेजारणीकडून चादरी मागून आणते, पण पांढरा नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं!

आज सकाळी काय झालं, बाबा रुमाल शोधायला कपाटापाशी गेले. मी स्वयंपाकघरातून बघतेय. त्यांनी घड्या उचकल्या, तळाचा पांढरा पडदा बाहेर काढला, उजेडात धरला, एक डोळा बारीक केला... मग गुपचूप घडी घातली, होता तिथे तळाशी ठेवला आणि वॉकर घेऊन दाराकडे निघाले. जाताना म्हणाले, ‘आज शेजारची करडी चादर धर. बहुतेक जमणार नाही, पण बघू.’

आता बोला! तेव्हापासून ते खाली रस्त्यावर गप्पा मारत उभे, आणि मी वर, स्टुलावर, दोन्ही हातांनी चादर धरून, फुलांच्या पाठी बघत... आणि खालून आवाज, ‘जरा उंच धर! घाई नाहीये!’