वाकचौरे सर विषय सोडून बोलले तेव्हा

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आबासाहेब, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते डॉ. अंगद वाकचौरे सर, सौ. जयावहिनी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी सत्यशीला. आधी सरांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच अर्थशास्त्र विभागात शिकवते. सरांच्या विद्वत्तेबद्दल आधीच्या वक्त्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. तेव्हा मी त्यांच्या उरलेल्या गुणांवर बोलते.

सरांचा विषय स्थूल अर्थशास्त्र, म्हणजे अख्ख्या देशाचा प्रपंच. एका घराचं, एका माणसाचं काय, असं वर्गात विचारायची सोय नव्हती. तो आपला विषय नाही, म्हणून सर पुढे जायचे. सावेडीच्या बाजारात वहिनींनी कोथिंबीर आणायला धाडलं, तर सर महागाईची कारणं घेऊन परतत. खरं ना, वहिनी? आणि ते अंदाज! व्याजदर उतरणार म्हणाले की ते चढलेच. गृहकर्ज काढायचं तर इथली प्राध्यापक मंडळी आधी सरांचा सल्ला घेत आणि बरोबर उलट वागत. सगळ्यांची घरं झाली. सरांचं जरा उशिरा झालं, कारण ते स्वतःचा सल्ला मानत.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दसऱ्यानंतर वडील मला वसतिगृहातून गावी, खर्ड्याला घेऊन गेले. ऊसतोडीला मुकादम जोडीच घेतो, एकट्याला नाही. आणि आई आजारी. तिच्या जागी मी जायचं ठरलं. शिक्षण संपल्यातच जमा होतं.

अशात सर एसटीने आमच्या घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी माझ्या वडिलांना राष्ट्रीय उत्पन्न, विकासदर, श्रमातला स्त्रियांचा वाटा, सगळं समजावलं. फळा तेवढा नव्हता. मी दाराआड कपाळाला हात लावून उभी. अडलेल्या बापाला विकासदर ऐकवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

वडिलांनी अदबीनं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “समदं खरं हाय, सर. पर ही एकटी शिकल्यानं देशाचं काय व्हनार हाय?”

सरांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “देशाचं काही होणार नाही. हिचं होईल.”

त्या हंगामात वडिलांनी चुलत्यांना जोडीला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला नगरच्या गाडीत बसवून दिलं.

थट्टेत माझा तोल गेला असेल तर सभागृहानं आणि वहिनींनी पदरात घ्यावं. बोलू दिलंत, आपली ऋणी आहे. आणि सर, तुम्हाला हे सांगायचं इतकी वर्षं राहूनच गेलं. माझं झालं.