ब्लॉगवरचा पक्षबदल

द्वारका चौकात चांदवडच्या बससाठी उभ्या असलेल्या केरूनानांच्या पुढे दोघे बोलत होते. असं काही कानावर पडलं की घरी जाऊन बायकोला, सिंधुबाईला सांगायचं, ही सवय बाई गेली तरी सुटली नव्हती.

"काय सरपंच, पक्ष सोडलास म्हणे? पेपरच्या राजकारणाच्या ब्लॉगवर आलंय."

"मी नाय सोडला रे!"

"मग साहेबांना सांग की तसं."

"साहेबांनीबी ब्लॉगच वाचला. माझा फोन उचलत नाय."

"वीस वर्षं त्यांच्या सतरंज्या उचलल्या ना तू?"

"ते नाय ना ब्लॉगवर लिहिलेलं."

"आणि समोरच्या पक्षाचे?"

"त्यांनीबी वाचला. चांदवडला हार घेऊन बसलेत."

"मग तू आत्ता कुठं चाललास?"

"हार घालून घ्यायला. बातमी खोटी पाडून राहू कुठं?"